डॅशबोर्डात स्क्रीन बसवायची आहे? आधी पिवळी आणि लाल वायर ओळखा

प्रश्न थोडक्यात असा होता: गाडी २०१६ ची पेट्रोल स्विफ्ट, कंपनीचा टेप अजून चालू आहे. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, त्या गाडीची फ्रेम आणि मागचा कॅमेरा ऑनलाइन मागवून ठेवलाय. गावातला दुकानदार म्हणतो, वायरी कापाव्याच लागतील. मित्राने अशीच स्क्रीन बसवून घेतली, तर त्याची गाडी चार दिवस उभी राहिली की सेल लागत नाही. तेव्हा घरी बसवणं जमेल का, आणि बॅटरी नक्की कशाने उतरते?

जमेल. रविवारचा दिवस मोकळा ठेवा. मला दीड-दोन तास लागतात, तुम्हाला पहिल्यांदा पाच लागले तरी वाईट वाटून घेऊ नका. गाडीची वायर एकही कापायची नाही. आणि मित्राची बॅटरी का उतरते, त्याचं निम्मं उत्तर तुमच्या 'चार दिवस' या दोन शब्दांतच आलंय. त्यावर पुढे येतो.

मी साताऱ्यात २१ वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. कॅसेटचे टेप बसवले, मग सीडीचे, मग यूएसबीचे, आता या पाट्या. टेप बदलत गेले, पण त्यांच्या पाठीमागे येणाऱ्या वायरी जवळपास त्याच राहिल्या. गिऱ्हाईक काच बघून स्क्रीन घेतं आणि महिन्याभराने तक्रार घेऊन येतं, ती काचेची नसते. घड्याळ रोज पुसलं जातं, इंजिनचा आवाज वाढवला की स्पीकरमधून शिट्टी येते, बोट लावलं की फ्रेम करकरते, बॅटरी बसते. सगळं मागच्या वीतभर जागेतलं दुखणं.

डॅशबोर्डाला हात लावण्याआधी स्क्रीन टेबलावर चालवून बघा. हे कोणी करत नाही, आणि सगळं बसवून झाल्यावर कोपऱ्यातला टच मेलेला निघाला की कपाळाला हात लावतात. स्क्रीनसोबत आलेल्या वायरिंगमधली पिवळी आणि लाल एकत्र पिळून १२ व्होल्टच्या बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. वायरिंगवरचा फ्यूज जागेवर असू द्या. घरात इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर तीही चालते. घरातला एखादा जुना स्पीकर राखाडी आणि काळ्या रेघेची राखाडी या जोडीला लावा. चारही कोपरे, ब्लूटूथ, वायफाय, मागच्या कॅमेऱ्याचं चित्र, सगळं तासभर चालवा. परत करायची मुदत संपायच्या आत हे झालं पाहिजे.

तेव्हाच तिची खरी कुंडलीही बघून घ्या. सेटिंगमध्ये 'अँड्रॉइड १३' असं दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका, तो आकडा बनवणाऱ्याला हवा तसा लिहिता येतो. हार्डवेअरची माहिती देणारं एखादं ॲप टाका आणि एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक, बघा. अँड्रॉइड १३ ला ती ३३ असते. २९ दिसली तर आत अँड्रॉइड १० आहे. गाणी, नकाशे, कारप्ले, अँड्रॉइड ऑटो यांचं १० वरही चालून जातं, पण पैसे तेराचे मोजले असतील तर बोलायला हवं. काचेचं रिझोल्यूशनही तिथेच कळतं: १०२४ बाय ६०० आणि १२८० बाय ७२० यांतला फरक गाडीत बसून नकाशावरचं गावाचं नाव वाचताना जाणवतो.

आता फ्रेम. आमच्या धंद्यात 'सिंगल डिन', 'डबल डिन' हे शब्द पाना-पकड म्हणावं तितक्या सहज वापरतात. डिन म्हणजे जर्मनीत मानकं ठरवणारी संस्था. टेपच्या तोंडाचं १८० बाय ५० मिलिमीटर हे माप तिचं, तेच पुढे आयएसओ ७७३६ या नावाने जगभर गेलं. डबल म्हणजे उंची १००. टोयोटावाल्यांची खाच मात्र २०० मिलिमीटर रुंद, म्हणून तिथे दोन्ही बाजूंना पट्ट्या लावून जागा भरावी लागते. नऊ इंची स्क्रीन यांतल्या कुठल्याच तोंडात मावत नाही. तिची पाठ खाचेत, काच बाहेर, आणि मधली सगळी जागा झाकायला फ्रेम. म्हणून फ्रेम मॉडेलची नाही, मॉडेल आणि वर्षाची घ्यावी लागते. स्विफ्टचा डॅशबोर्ड २०१८ मध्ये पूर्ण बदलला, तुमची त्याआधीची. खोक्यावर नुसतं 'स्विफ्ट' लिहिलं असेल तर उघडून, जुन्या पॅनेलच्या शेजारी ठेवून क्लिपांच्या जागा जुळतात का बघा.

वायर कापायचा प्रश्नही इथेच सुटतो. फ्रेमसोबत किंवा वेगळं असं एक कपलर मिळतं: त्याचं एक तोंड गाडीच्या मूळ प्लगमध्ये बसतं, दुसरं स्क्रीनमध्ये. काहीशे रुपयांची वस्तू. ती जवळ नसली की वायर 'कापावीच लागते'. दुकानदार खोटं बोलत नाहीये, त्याच्याकडे तेव्हा कपलर नसेल इतकंच. पण एकदा मूळ प्लग कापून टाकला की उद्या गाडी विकताना कंपनीचा टेप परत बसत नाही, आणि वॉरंटीतल्या गाडीत इलेक्ट्रिकच्या कुठल्याही बिघाडाचं खापर त्या कापलेल्या वायरीवर फुटतं. तुमची गाडी वॉरंटीबाहेर आहे, तरी जुना टेप, त्याचं पॅनेल आणि स्क्रू एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा.

डॅशबोर्ड उघडायला बसाल तेव्हा आधी चावी काढा, १० च्या पान्याने बॅटरीची मायनस काढा आणि चहा पिऊन या. चहा गंमत म्हणून सांगत नाही. मायनस काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ चार्ज टिकून असतो, पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची. गिअर मागच्या बाजूच्या एखाद्या खाचेत ओढून ठेवा, चाकांना दगड लावा, म्हणजे पॅनेल बाहेर यायला जागा होते. गिअरच्या दांड्यावर आणि खालच्या प्लॅस्टिकवर जुना टॉवेल टाका, ओरखडे पडतात ते इथेच. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो घ्या.

पॅनेल क्लिपांवर बसलेलं असतं, आणि एखाद-दुसरा स्क्रू कुठेतरी लपलेला असतो. ओढून येत नाही म्हणजे स्क्रू राहिलाय. जोर लावू नका, टॉर्च लावा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात त्या घ्या. आणि एक अनुभवाची गोष्ट: थंडीत पहाटे हे काम करू नका. महाबळेश्वरहून डिसेंबरात आलेल्या गाडीच्या क्लिपा माझ्या हातात तुकडे होऊन आल्या आहेत. गाडी तासभर उन्हात उभी करा, प्लॅस्टिक मऊ पडतं आणि क्लिप नुसती 'टक' करून सुटते.

पॅनेलवर हॅझर्डचं बटण किंवा एअरबॅगचा दिवा असेल तर त्याचं कपलर सुटलेलं असताना चावी ऑन करू नका. एअरबॅगचा दिवा एकदा पेटून बसला की तो घालवायला स्कॅनर जोडावा लागतो.

आता मुख्य काम. बाजारातल्या स्क्रीनच्या वायरिंगचे रंग बहुतांशी ठरलेले. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस. लाल म्हणजे एसीसी, चावी एक घर फिरवल्यावर येणारा प्लस. काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस. नारिंगी म्हणजे दिव्यांची, पार्किंग लाइट लागले की स्क्रीन मंद व्हावी म्हणून. निळी ही आत येणारी नाही, बाहेर जाणारी वायर आहे: अँटेनाच्या किंवा अँप्लिफायरच्या चालू-बंदसाठी स्क्रीन तिच्यातून १२ व्होल्ट देते. तिला बाहेरून प्लस दिला तर स्क्रीनमधला तो भाग जळतो. मग स्पीकर: पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. प्रत्येकाच्या जोडीला काळी रेघ असलेली तीच वायर मायनस.

हे स्क्रीनच्या बाजूचे रंग झाले. गाडीच्या बाजूचे रंग कंपनीगणिक वेगळे, त्यांवर विसंबू नका. कपलर गाडीचंच आहे म्हणूनही विसंबू नका. आयएसओ प्लगमध्ये कायमचा प्लस आणि एसीसी यांच्या जागा काही युरोपियन गाड्यांत उलट्या येतात, म्हणून काही वायरिंगमध्ये पिवळी-लालच्या मध्ये अदलाबदल करायच्या टोप्या दिलेल्या असतात. तेव्हा बॅटरी परत जोडा, मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसीवर ठेवा, काळा तार बॉडीच्या उघड्या नटाला धरा आणि कपलरच्या पिवळ्या जागेवर लाल तार टेकवा. चावी बाहेर असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. लाल जागेवर शून्य. चावी एसीसीवर आणा: आता लाल जागेवरही बारा यायला हवेत, आणि चावी काढल्यावर गेले पाहिजेत. हे दोन मिनिटांचं माप घेतलं नाही म्हणून माझ्याकडे वर्षभर गाड्या येत असतात.

पिवळी-लाल उलट्या झाल्या तर काय होतं? चावी काढली की स्क्रीनची सगळी वीज जाते, आणि दरवेळी ती पहिल्यापासून सुरू होते: घड्याळ पुसलेलं, एफएमची स्टेशनं गेलेली, लोगो अर्धा मिनिट फिरतोय. आणि दोन्ही एकत्र बांधून बॅटरीच्या प्लसला दिल्या तर उलट दुखणं: स्क्रीनला गाडी बंद झाल्याचं कधी कळतच नाही.

आता तुमच्या मित्राच्या गाडीकडे. जागी असलेली स्क्रीन साधारण एक ते दोन अँपिअर खाते. दीड धरा. स्विफ्ट पेट्रोलची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दीड गुणिले २४, म्हणजे ३६. स्क्रीन पूर्ण चालू राहत असती तर बॅटरी एका दिवसात आडवी झाली असती, आणि काच उजळलेली त्याला दिसलीही असती. त्याला चार दिवस लागतात. दुसरं टोक बघा: स्क्रीन नीट झोपली तर पाच-दहा मिलिअँपिअर, गाडीचं स्वतःचं रात्रीचं खाणं वीस ते पन्नास. पन्नासने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे दोन-तीन आठवडे सहज निघायला हवेत. चार दिवसांत उतरते याचा अर्थ पाव अँपिअरच्या आसपास काहीतरी गळतंय: ०.२ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ४.८, चार दिवसांत १९. निम्मी बॅटरी गेली. बॅटरी तीन वर्षांची असेल तर तेवढ्याने सेल लागत नाही.

पाव अँपिअर म्हणजे काच बंद पण आतला अँड्रॉइड जागा, किंवा मागचा कॅमेरा कायम चालू. कॅमेराच शंभर-दीडशे मिलिअँपिअर खातो. पुष्कळ जण त्याची लाल वायर रिव्हर्सच्या बल्बऐवजी जवळ दिसेल त्या प्लसला टाचतात आणि तो बिचारा रात्रभर भिंतीकडे बघत बसतो. पहिल्या शक्यतेत स्क्रीनच्या सेटिंगमध्ये झोपेची वेळ असते: चावी काढल्यावर किती वेळाने पूर्ण बंद व्हायचं. काही स्क्रीनमध्ये ती तीन-चार दिवसांवर ठेवलेली येते, म्हणजे पुन्हा चावी लावली की दोन सेकंदांत चालू. ज्याची गाडी रोज फिरते त्याला ते सुख, ज्याची रविवारीच निघते त्याला ताप.

मापायचं असं. चावी बाहेर, दारं बंद, बॉनेट उघडं. मल्टिमीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात लावा. बॅटरीची मायनस काढून एक तार बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी सुटलेल्या केबलला. सगळी वीज आता मीटरमधून जाते. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, गाडीतले कंट्रोलर अजून जागे असतात. अर्धा तास थांबा. मग ०.०५ च्या आत आला तर ठीक. ०.२ वर अडला तर स्क्रीनच्या पिवळ्या वायरीवरचा फ्यूज काढा. आकडा धप्पकन पडला तर चोर स्क्रीन किंवा तिच्यावर लटकलेलं काहीतरी. पडला नाही तर स्क्रीन निर्दोष, दुसरीकडे शोधा. हे चालू असताना चुकूनही सेल मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

अर्थ हा दुसरा दुर्लक्षित भाग. गाडीच्या मूळ कपलरमधला अर्थ पुरेसा असतो, त्यावरच राहा. जुन्या गाडीत तो कमजोर वाटला तर आणखी एक काळी वायर डॅशबोर्डामागच्या लोखंडी बारेला, रंग खरवडून, नटाखाली रिंग टर्मिनल लावून द्या. प्लॅस्टिकमध्ये शिरलेल्या स्क्रूला अर्थ गुंडाळलेला मी पाहिलाय. स्क्रीन चालतही होती, कॅमेऱ्याच्या केबलच्या आवरणातून डिकीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या अर्थावर. इंजिन वाढवलं की स्पीकरमधून कुईं व्हायचं ते त्यामुळेच.

स्पीकरच्या वायरीत एकच नियम, पण तो मोडला की सेट गेला. स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ नाही. आतल्या अँपच्या प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, दोन्हींवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात आणि आवाज त्यांच्यातल्या फरकातून निघतो. तेव्हा चार मायनस एकत्र बांधून बॉडीला द्यायचा जुना उद्योग इथे करायचा नाही. डाव्या-उजव्याची प्लस-मायनस उलटसुलट झाली तर काही जळत नाही, पण बेस गायब होतो आणि गाणारा माणूस डॅशबोर्डाच्या मधोमध बसल्यासारखा वाटायच्या ऐवजी सगळीकडून येतो.

खोक्यावरच्या '४ बाय ६० वॅट' या आकड्याचं काय करायचं तेही सांगून टाकतो. चार साठे दोनशे चाळीस वॅट. वायरिंगवर फ्यूज बघा, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्ट गुणिले १० म्हणजे १२० वॅट, आणि त्यातच काच, प्रोसेसर आणि तापण्यात जाणारी वीजही आली. सलग मिळणारी खरी ताकद दर स्पीकरला वीसेक वॅट. कंपनीच्या स्पीकरना ती पुरते. जास्त पाहिजे तर वेगळा अँप्लिफायर, त्याला बॅटरीपासून वेगळी जाड वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. टेपच्या पिवळ्या वायरीतून अँप चालवायचा नाही.

जोड द्यायची वेळ आलीच, समजा कॅमेऱ्याच्या वायरीला, तर सोल्डर करा आणि हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा. काळी चिकटपट्टी गुंडाळून सोडू नका. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, आणि विदर्भात तर फारच, तिचा डिंक विरघळतो, पट्टी सरकते आणि चिकट उघडी तार राहते. वायरींचा जुडगा कापडी टेपने बांधा, प्लॅस्टिकवर आपटून होणारी कुरकुरही त्याने जाते.

प्रत्यक्ष बसवणीत एक चूक मी स्वतः केलीय. धंद्यात नवीन होतो. जुन्या टेपच्या बाजूच्या लोखंडी पट्ट्या नव्या सेटला लावताना एक स्क्रू सापडेना. डबीतला दुसरा घेतला, जाडी तीच, आटे तेच, फक्त बोटाच्या पेरभर लांब. दोन आटे फिरल्यावर जरा जड गेला, मी जोर लावला. तो आत सर्किटच्या पाटीत घुसला होता. चावी फिरवली, धूर आला, सेट गेला, पैसे मी भरले. त्या पट्ट्यांचे स्क्रू पाच मिलिमीटर जाडीचे आणि आठेक मिलिमीटर लांबीचेच असतात. सोबत आलेलेच वापरा. स्क्रू जड जातोय म्हणजे थांबा.

स्क्रीनचं वजन लोखंडाने उचलायला हवं, फ्रेमने नाही. फ्रेम नुसत्या क्लिपांवर बसते. तिच्यावर नऊ इंची पाटी लटकवली की पहिल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी वरच्या क्लिपा सैल होतात आणि प्रत्येक टचला काच आत-बाहेर होते. फ्रेमच्या मागे गाडीच्या मूळ ब्रॅकेटची भोकं येतात, चारही स्क्रू लावा, दोनच लावून 'बसली घट्ट' म्हणू नका. जोडांवर फेल्टची पट्टी चिकटवा. मागे वायरींचा गोळा कोंबून स्क्रीन दाबून बसवू नका. जास्तीची वायर खाली, ग्लोव्हबॉक्सच्या मागच्या पोकळीत सोडून टायने बांधा. स्क्रीनच्या पाठीला हवा लागली पाहिजे, नाहीतर दुपारी उभ्या गाडीत बसल्यावर ती अडखळायला लागते. आणि दहा इंची, बाहेर आलेली पाटी घ्यायचा मोह असेल तर आधी पुठ्ठा कापून तिथे धरून बघा: एसीच्या जाळ्या झाकतायत का, डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणासमोर कोपरा येतोय का. यांतलं एक जरी उत्तर हो असेल तर नऊच बरी.

जीपीएसचा चौकोनी अँटेना स्क्रीनच्या मागेच टाकून मोकळे होऊ नका. त्याची चुंबकाची सपाट पाठ खाली आणि तोंड आकाशाकडे हवं, आणि वर लोखंड नको. डॅशबोर्डाच्या वरच्या प्लॅस्टिकखाली, काचेच्या जवळ, दुहेरी चिकटपट्टीने. नकाशावर गाडी शेतातून चालल्यासारखी दिसते तेव्हा बहुतेक तो उलटा पडलेला असतो. माइक स्टीअरिंगच्या वर किंवा पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर, एसीच्या जाळीपासून दूर. मात्र खांबाच्या आत वायर नेताना पडद्याची (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) एअरबॅग असलेल्या गाड्यांत ती एअरबॅगच्या समोरून कधीच न्यायची नाही, मागून न्यायची. एफएम नीट लागत नसेल तर अँटेनाचा प्लग तपासण्याआधी ती निळी वायर आठवा. छतावरच्या आखूड अँटेनाच्या बुडात छोटा अँप्लिफायर असतो, त्याला १२ व्होल्ट मिळाले नाहीत तर सातारा शहरातही खरखर ऐकू येते.

कॅमेऱ्याची केबल पुढून डाव्या दारांच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे न्या, मग डिकीच्या दारात जाणाऱ्या रबरी नळीतून. बाहेरून आणून दाराच्या रबराखाली चेंगरू नका, तिथून पाणी आत येतं. केबलसोबत दोन्ही टोकांना एक बारीक लाल वायर निघते: मागचं टोक रिव्हर्सच्या बल्बच्या प्लसला, कॅमेऱ्याच्या लाल वायरीसोबतच, आणि पुढचं टोक स्क्रीनच्या 'बॅक' लिहिलेल्या वायरीला. झालं. रिव्हर्स टाकला की कॅमेऱ्याला वीजही मिळते आणि स्क्रीनला इशाराही. चित्र काळं किंवा घसरतं आलं तर कॅमेरा बदलायची घाई नको, स्क्रीनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा प्रकार एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) आणि सीव्हीबीएस (जुन्या साध्या चित्राचा) यांत बदलून बघा. नंबरप्लेटजवळ भोक पाडलं तर कडेला रंगाचा हात मारून सिलिकॉन भरा, कोकणात गाडी जात असेल तर नक्कीच. शेवटी घरातल्या कुणाला तरी गाडीच्या मागे डाव्या अंगाला उभं करा. स्क्रीनवर ते डावीकडेच दिसायला हवेत, आरशात दिसतात तसे. उजवीकडे दिसले तर चित्र उलटं आहे. कॅमेऱ्याच्या वायरीत त्यासाठी एक छोटा लूप असतो किंवा सेटिंगमध्ये पर्याय असतो. हे न बघता बसवलेला कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट.

स्टीअरिंगवर बटणं असतील तर तीही चालू करता येतात. साध्या पद्धतीत सगळी बटणं एका-दोन वायरींवर असतात आणि प्रत्येक बटण दाबलं की वेगळा रेझिस्टन्स लागतो. स्क्रीनच्या 'की १', 'की २' या वायरी तिथे जोडायच्या आणि सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण शिकवायचं. ज्या गाड्यांत हे सगळं कॅनबसवरून, म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या वायरींवरून, चालतं तिथे वेगळी डबी लागते आणि फॅक्टरी सेटिंगमध्ये गाडीचं नाव निवडावं लागतं. तिथला पासवर्ड अनेक सेटमध्ये ८८८८ असतो. निवड झाली की बाहेर या. बाकीचे आकडे गंमत म्हणून बदलून काच काळी पडलेले सेट माझ्याकडे येतात.

'ब्रेक' लिहिलेली वायर हँडब्रेकच्या स्विचला द्यायची असते, म्हणजे गाडी उभी असतानाच व्हिडिओ दिसतो. बाजारात ती सरळ अर्थला ठोकून देतात. माझ्या दुकानात नाही देत, त्यावरून दोन-चार गिऱ्हाइकं गेलीही. मागे पोरांना सिनेमा पाहिजे तर मागच्या सीटसाठी वेगळी स्क्रीन बसवा.

पॅनेल दाबून बसवण्याआधी, सगळं उघडं असतानाच इंजिन चालू करून बघा: दिवे लावल्यावर काच मंद होते का, चारही स्पीकर वेगवेगळे वाजतात का, रिव्हर्सला चित्र येतं का, हॅझर्ड लागतात का, चावी काढल्यावर काच विझते का. सेल मारताना स्क्रीन क्षणभर बंद होऊन परत आली तर घाबरू नका, सेलच्या वेळी एसीसीची वीज तुटते.

आणि मित्राला सांगा, नवी बॅटरी घेण्याआधी ते मीटरचं माप घ्या. स्क्रीनचा फ्यूज काढण्याआधीचा आकडा, काढल्यानंतरचा आकडा, आणि कॅमेऱ्याची लाल वायर कुठे जोडलीय, एवढं तिन्ही कळवा. पुढचं मी सांगतो.